आकडा पाणथरीचा, दुखणे यकृताचे

दिघीच्या धक्क्यावरून आगरदांड्याकडे फेरीबोट सुटते तेव्हा तिच्यावर पर्यटकांच्या मोटारी असतात, दुचाक्या असतात, मासळीच्या टोपल्या असतात. आणि अधूनमधून एखादा प्रवासी असाही असतो, की ज्याने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली तपासण्यांची फाइल छातीशी धरलेली असते. खाडी ओलांडली की मुरूड, रेवदंडा आणि मग अलिबागचे जिल्हा रुग्णालय. दुसरी वाट बोर्ली पंचतनवरून म्हसळा, माणगाव करीत महामार्गाला लागते आणि मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांकडे जाते.

अशा एका प्रवाशाची आपण कल्पना करू. वय पंचेचाळीस, धंदा मासेमारीचा. भर पावसाळ्यात चार दिवस ताप आला म्हणून रक्त तपासले, तर प्लेटलेटचा आकडा निघाला ४८,०००. निरोगी माणसात तो साधारण दीड लाख ते साडेचार लाख असतो. घरात एकच शब्द उमटला: डेंगी. पपईच्या पानांचा रस काढला गेला, गुळवेलीचा काढा उकळला गेला, रक्तदात्यांसाठी निरोप गेले. ताप उतरला. आठ दिवस गेले, महिना गेला. आकडा मात्र जागचा हलेना. कधी ५१,०००, कधी ४६,०००. डेंगीत खाली गेलेल्या प्लेटलेट ताप उतरल्यावर काही दिवसांतच वर येऊ लागतात. येथे तसे घडले नाही, तेव्हा एका डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी करायला सांगितली. अहवाल आला: यकृताचा पृष्ठभाग खडबडीत, पाणथरी सतरा सेंटिमीटर.

पाणथरी म्हणजे प्लीहा. डाव्या बरगड्यांच्या आड दडलेला, मुठीएवढा, साधारण दीडशे ग्रॅम वजनाचा हा अवयव. त्याची लांबी एरवी बारा-तेरा सेंटिमीटरांच्या पुढे जात नाही. ती वाढली आहे आणि 'रक्त खाते आहे' एवढेच घरच्यांच्या कानी पडते. मग धाकटा भाऊ म्हणतो, "दादा, एवढी त्रास देते तर ती काढूनच टाकू या."

हा सल्ला मायेपोटी आलेला असतो आणि ऐकायला तर्कशुद्धही वाटतो. पण बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. तो का चुकीचा, आणि मग करायचे काय, हे अशा प्रत्येक कुटुंबाने नीट समजून घेण्यासारखे आहे.

आपल्या आजी-आजोबांच्या काळी पाणथरी वाढली म्हणजे हिवताप, हे समीकरण पक्के होते. गावोगावच्या मुलांची पोटे चाचपून कितीजणांच्या बरगडीखाली पाणथरी हाताला लागते, यावरून त्या मुलखातल्या हिवतापाचे माप काढण्याची रीत आपल्या देशात १८४० च्या दशकापासून होती. तशी वाढलेली पाणथरी नाजूक असते, आणि तिच्या नाजूकपणाने आपल्या इतिहासात एक कटू प्रकरणही घडवले आहे. १८७५ साली आग्र्याला फुलर नावाच्या इंग्रज वकिलाने आपल्या मोतद्दाराला मारहाण केली. त्याची पाणथरी फुटली आणि तो मरण पावला. न्यायाधीशाने वकिलाला दंड केला तो तीस रुपये. पुढल्या वर्षी व्हाइसरॉय लिटनलाही या निकालाबद्दल उघड नापसंती व्यक्त करावी लागली. हे विषयांतर अगदीच निष्कारण नाही. रायगड हा कबड्डीवर जीव टाकणारा जिल्हा आहे. ज्याची पाणथरी बरगडीखाली उतरली आहे त्याने कबड्डीच्या मैदानापासून, दहीहंडीच्या थरांपासून आणि पोटावर मार बसेल अशा प्रत्येक कामापासून दूर राहावे.

आयुर्वेदाच्या ग्रंथकारांनाही पाणथरी अपरिचित नव्हती. चरकसंहितेत उदररोगाचे जे आठ प्रकार सांगितले आहेत त्यांत प्लीहोदर आहे. डाव्या कुशीत वाढणारी प्लीहा कासवाच्या आकाराची लागते, असे निरीक्षणही आहे. त्याच ओघात यकृताच्या वाढीचा विचार येतो. हे दोन अवयव एकमेकांपासून तोडून पाहता येत नाहीत, हा त्यांतला धागा आजही उपयोगी पडतो.

उघाडी बुजली की शेतात पाणी

आतड्यांतून आणि पाणथरीतून निघालेले रक्त सरळ हृदयाकडे जात नाही. ते एका मोठ्या शिरेत एकत्र येऊन आधी यकृतात शिरते, तेथे त्यावर संस्कार होतात आणि मगच ते पुढे जाते. या शिरेला पोर्टल शीर म्हणतात. दारू, यकृताची जुनाट कावीळ म्हणजे हिपॅटायटिस बी किंवा सी, आणि अलीकडे मधुमेह व स्थूलपणासोबत येणारी यकृतातील चरबी यांमुळे वर्षानुवर्षे इजा होत राहिली, की यकृतात जागोजागी वण पडतात. मऊ यकृत कडक, गाठाळ होते. यालाच सिरॉसिस म्हणतात. अशा यकृतातून रक्त सहजी वाहत नाही. पोर्टल शिरेतला दाब वाढतो.

खाडीकाठी खारबंदिस्तीची शेती ज्यांनी केली आहे त्यांना पुढचे वेगळे सांगावे लागणार नाही. बांधाची उघाडी गाळाने बुजली, की आतले पाणी खाडीत उतरत नाही. ते मागे शेतात तुंबते. शेत जास्त पाणी पिऊ लागले, असे त्यावर कोणी म्हणत नाही. पाणथरीचे तसेच आहे. तिची शीर या पोर्टल शिरेलाच मिळते. पुढे वाट अडली, की रक्त तिच्यात तुंबते आणि ती फुगते.

आता पाणथरीचे नेहमीचे काम म्हणजे रक्त गाळून घेणे, म्हाताऱ्या पेशी बाजूला काढणे आणि जंतूंवर पहारा ठेवणे. निरोगी अवस्थेतही शरीरातील जवळजवळ एक तृतीयांश प्लेटलेट तिच्यात विसावलेल्या असतात. ती खूप मोठी झाली, की हे प्रमाण नव्वद टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. म्हणजे नसेतून काढलेल्या रक्तात प्लेटलेट दिसत नाहीत त्या सगळ्याच मेलेल्या नसतात. बऱ्याचशा पाणथरीत अडकून पडलेल्या असतात. श्वेतपेशी आणि तांबड्या पेशीही थोड्याफार अशाच कमी होतात. या अवस्थेला हायपरस्प्लेनिझम, म्हणजे पाणथरीची अतिक्रियाशीलता, असे नाव आहे. फ्रेंच वैद्य शोफार यांनी १९०७ साली ते रूढ केले. नाव थोडे फसवे आहे, असे मला वाटते. कारण त्याने सारा आरोप पाणथरीवर येतो.

आरोपी आणखी आहेत. प्लेटलेट बनवण्याची आज्ञा अस्थिमज्जेला देणारे थ्रॉम्बोपोएटिन हे संप्रेरक मुख्यतः यकृतात तयार होते. यकृतच खंगले, तर आज्ञा क्षीण होते. शिवाय दारू अस्थिमज्जेला थेट दाबून टाकते, आणि दारू पिणाऱ्याच्या आहारात फॉलिक आम्लाची कमतरता असते ती वेगळीच. त्यामुळे नुसती पाणथरी काढून सर्व काही सुरळीत होईल, ही अपेक्षा मुळातच अपुऱ्या माहितीवर उभी आहे.

अठ्ठेचाळीस हजारांची भीती किती बाळगावी?

डेंगीने आपल्या सर्वांना प्लेटलेटचा आकडा वाचायला शिकवले, हे चांगले झाले. पण त्याबरोबर आकड्याची एक सरसकट धास्तीही शिकवली. सिरॉसिसमध्ये हिशेब निराळा असतो. रक्त गोठवणारी द्रव्ये यकृतच बनवते आणि गोठणे आवरणारी द्रव्येही तेच बनवते. दोन्ही पारडी एकदम हलकी होतात आणि एक नाजूक समतोल टिकतो. म्हणूनच पन्नास हजार प्लेटलेट असलेला यकृताचा रुग्ण वर्षानुवर्षे आपले काम करीत राहू शकतो; आणि त्याच रुग्णाच्या पोर्टल शिरेत रक्ताची गुठळीही होऊ शकते.

अशा रुग्णाला जिवावर बेतणारा रक्तस्राव होतो तो प्रामुख्याने दाबामुळे. तुंबलेले रक्त आडवाटा शोधते; अन्ननलिकेच्या व जठराच्या आतल्या शिरा फुगतात आणि एखादे दिवशी फुटतात. आकडा वाढवण्यासाठी बाहेरून प्लेटलेट चढवल्या, तर त्यांतल्याही पुष्कळशा त्याच फुगलेल्या पाणथरीत जाऊन बसतात. आकडा थोडा वर येतो, लवकरच खाली येतो, आणि नातेवाईक पुन्हा दाते शोधू लागतात. प्रत्यक्ष रक्तस्राव चालू असताना किंवा मोठ्या जोखमीच्या शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर प्लेटलेट देण्याचा निर्णय घेतील. पण केवळ कागदावरचा आकडा बरा दिसावा म्हणून त्या देणे यात रुग्णाचा लाभ नाही.

मग हा आकडा निरुपयोगी का? मुळीच नाही. तो सूचना देतो. २०१५ साली इटलीतील बावेनो येथे जमलेल्या यकृततज्ज्ञांनी असे सुचवले, की प्लेटलेट दीड लाखांवर आहेत आणि फायब्रोस्कॅन या तपासणीत यकृताचा कडकपणा २० किलोपास्कलच्या खाली आहे, अशा रुग्णात धोकादायक फुगलेल्या शिरा असण्याची शक्यता इतकी कमी असते, की एंडोस्कोपी टाळता येते. उलट बाजूने वाचायचे तर आपल्या दिघीच्या प्रवाशाला त्याचा आकडा बजावतो आहे: दाब वाढला असण्याची दाट शक्यता आहे, एंडोस्कोपी करून घ्या.

एंडोस्कोपीत मोठ्या शिरा दिसल्या, तर दोन उपाय हाताशी असतात. एक, कार्व्हेडिलॉल किंवा प्रोप्रानोलॉल ही दाब उतरवणारी गोळी. दमा असणाऱ्यांना ती चालत नाही आणि ती मनाने बंदही करायची नसते. दुसरा, फुगलेल्या शिरांवर एंडोस्कोपीतूनच लहान रबरी कडी बसवणे. या उपायांनी प्लेटलेट एकानेही वाढणार नाहीत. तरीही पाणथरी वाढलेल्या रुग्णासाठी यांहून मोलाचे काही क्वचितच असते.

आणि मूळ उघाडी? दारू कारण असेल, तर ती पूर्ण सुटली पाहिजे; 'फक्त सणाला' हा करार यकृत मान्य करीत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र ती एकाएकी घरी बसून सोडू नये, कंप, भ्रम, झटके येऊ शकतात; डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. हिपॅटायटिस सी निघाला, तर बहुतेकांना बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी तो बरा होतो. हिपॅटायटिस बी मुळापासून क्वचितच जातो, पण रोजच्या गोळीने आवरता येतो, आणि घरातल्या इतरांची तपासणी व लसीकरण करून घेता येते. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमात या दोन्हींची तपासणी व औषधे मोफत मिळतात. जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी अवश्य करावी. कारण दूर झाल्यावर यकृत सावरते, दाब काही अंशी उतरतो, आणि कित्येकदा प्लेटलेटही हळूहळू वर येतात. यास महिने, वर्षे लागतात.

पाणथरीवरच इलाज करायची वेळ आली, तर

अशी वेळ येते, पण निवडक रुग्णांत. कर्करोगाचे औषध द्यायचे आहे आणि रक्तपेशी फारच कमी आहेत, पाणथरी इतकी प्रचंड आहे की पोट दुखते व जेवण जात नाही, अशा काही प्रसंगी.

एखाद्या ठरलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी प्लेटलेट वाढवण्यासाठी गोळ्या निघाल्या आहेत. अॅव्हाट्रॉम्बोपॅग आणि लुसुट्रॉम्बोपॅग यांना अमेरिकेत २०१८ साली याच कामासाठी मान्यता मिळाली. त्या थोडे दिवस घ्यायच्या असतात, आणि पोर्टल शिरेत गुठळी होण्याचा धोका लक्षात ठेवूनच द्यायच्या असतात. त्यांच्याच कुळातल्या एल्ट्रॉम्बोपॅगचा यकृतरुग्णांवरील एक मोठा अभ्यास अशा गुठळ्या आढळल्यामुळे अर्ध्यावर थांबवावा लागला होता. कायम आकडा चांगला दिसावा म्हणून या गोळ्या नाहीत.

दुसरा मार्ग पाणथरी न काढता तिचा काही भाग निकामी करण्याचा. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी पाणथरीच्या रोहिणीत नेऊन काही फांद्या बंद करतात. १९७३ साली मॅडिसन यांनी याचा पहिला प्रयोग केला. सुरुवातीला संपूर्ण पाणथरीचाच पुरवठा बंद केला जाई. त्यातून पू झाला, मृत्यूही ओढवले. १९७९ मध्ये स्पिगोस व सहकाऱ्यांनी ती अंशतःच बंद करायची आणि सोबत प्रतिजैविके द्यायची, अशी सुधारणा केली, आणि ही पद्धत वापरण्याजोगी झाली. त्यानंतरही ताप, डाव्या कुशीत चांगलेच दुखणे, छातीत पाणी होणे हे घडते. यकृत फार दुबळे असलेल्यांना ते झेपत नाही.

संपूर्ण पाणथरी काढली, तर प्लेटलेट झपाट्याने वर येतात, हे खरे. याच चित्राने घरच्यांना मोह पडतो. पण सिरॉसिसच्या रुग्णात या शस्त्रक्रियेत रक्तस्राव होतो. नंतर पोर्टल शिरेत गुठळी होण्याचे प्रमाण मोठे असते, आणि तशी गुठळी झाली तर पुढे यकृत प्रत्यारोपण अवघड होऊन बसते. जंतूंवरचा पहारा उठतो तो कायमचा. पाणथरी काढलेल्यांना न्यूमोकॉकससारख्या जंतूंचा संसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो, हे १९५२ पासून वैद्यकाला ठाऊक आहे. शस्त्रक्रिया ठरलीच, तर शक्यतो दोन आठवडे आधी न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिब या लसी घ्याव्यात. आणि पुढे आयुष्यभर थंडी वाजून आलेला ताप हा 'उद्या पाहू' असा ताप राहत नाही.

येथे एक महत्त्वाचा अपवाद सांगितला पाहिजे. आपल्या देशात लहान मुलांत व तरुणांत असा एक आजार आढळतो, ज्यात यकृत ठणठणीत असते पण पोर्टल शीर लहानपणीच गुठळीने बंद झालेली असते. मूल रक्ताची उलटी करते, पाणथरी मोठी लागते, डोळे मात्र पिवळे नसतात. या मुलांत रक्ताला नवी वाट काढून देणारी शस्त्रक्रिया, काही वेळा पाणथरी काढून, खरोखर उपकारक ठरते, कारण यकृत सोबतीला असते. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. एस. के. माथुर आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात, फुटलेल्या शिरांचा रक्तस्राव इतर उपायांनी थांबत नसलेल्या रुग्णांत जठर व अन्ननलिकेभोवतीच्या शिरा तोडण्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेचे काम केले, ते १९९७ साली प्रसिद्ध झाले. म्हणून 'पाणथरी काढली आणि अमका बरा झाला' असे कोणी सांगितले, तर अमक्याचे यकृत कसे होते, हा पहिला प्रश्न विचारावा.

प्रत्यारोपण हा अखेरचा आणि यकृत खरोखर संपत आले असता एकमेव पुरा उपाय. नवे यकृत आले, की दाब उतरतो, संप्रेरक पुन्हा तयार होते, आणि पाणथरी काढावी लागत नाही.

घरात

गुळवेलीबद्दल थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. २०२१ साली मुंबईच्या डॉ. आभा नगरल आणि सहकाऱ्यांनी, करोनाकाळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षांवर आक्षेप घेतला. तो वाद तज्ज्ञांचा; पण ज्याचे यकृत आधीच जखमी आहे त्याने त्या वादाचा निकाल स्वतःच्या शरीरावर लावून पाहू नये. पपईच्या पानांचा रस पाणथरीत अडकलेल्या प्लेटलेट सोडवू शकत नाही. अंगदुखीसाठी दुकानातून घेतलेल्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या मूत्रपिंड बिघडवतात व रक्तस्राव घडवतात, त्या वर्ज्य. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेत चालते.

ताजी मासळी खुशाल खावी. यकृताच्या रुग्णाला प्रथिने हवीच असतात, आणि रात्री झोपण्यापूर्वी थोडे खाणेही हिताचे. पोटात किंवा पायांत पाणी साठत असेल, तर मात्र सुके बोंबील, सुकट, खारवलेली मासळी, लोणची, पापड यांतले मीठ टाळावे. कालवे, तिसऱ्या अर्ध्याकच्च्या कधीही खाऊ नयेत, आणि पायाला जखम असताना खाऱ्या पाण्यात उतरू नये. समुद्राच्या पाण्यातील व्हिब्रिओ जातीचा एक जंतू सिरॉसिसच्या रुग्णात फार वेगाने पसरतो. जाळ्यावर पोट असणाऱ्या माणसाला हे सांगणे सोपे नाही, याची मला जाणीव आहे. निदान जखम भरेपर्यंत होडीवरची कामे घ्यावीत, किनाऱ्यावरच्या पाण्यातली नव्हे.

आणि रात्रीची तयारी. रक्ताची उलटी झाली, डांबरासारखी काळी शौच झाली, किंवा रुग्ण असंबद्ध बोलू लागला, तर सकाळच्या बोटीची वाट पाहायची नाही. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. म्हसळ्याकडची रस्त्याची वाट रात्रीही खुली असते. एंडोस्कोपीची सोय कोणत्या रुग्णालयात आहे, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तेथे कोणते उपचार बसतात, हे आधीच विचारून फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. त्याच पानावर मोठ्या अक्षरांत असावे: सिरॉसिस आहे, अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा आहेत, अमुक गोळी चालू आहे.

आपला प्रवासी वर्षभराने पुन्हा त्याच फेरीबोटीवर असेल. दारू सुटलेली, शिरांवर दोनदा कडी बसलेली, गोळी रोजची. नव्या अहवालात प्लेटलेट ५७,००० आणि पाणथरी सोळा सेंटिमीटर. डॉक्टर दोन्ही आकडे टिपून घेतील आणि पुढल्या एंडोस्कोपीची तारीख देतील.